शेत गेल्यावर नकाशा

काळेवाडींत आज ज्यांचीं दुकानें व बिऱ्हाडें आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या पायाखालची जमीन एके काळीं पवनाकांठचें शेत होतें, हें वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. १९५४ सालीं नदीपलीकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, आणि रोजगारामागोमाग घरांची निकड आली. शेतकऱ्यानें गुंठ्यागुंठ्यानें शेत विकलें; कामगारानें पोटास चिमटा घेऊन तो गुंठा घेतला. आम्ही दोघांपैकीं कोणासही दोष देत नाहीं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा अशा विक्रीस मनाई करीत होता, तरी ती राजरोस चालली. मग २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१ सालीं त्याची कक्षा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीस लागू करण्यांत आली. आधीं मनाई, मग कानाडोळा, शेवटीं पैसे घेऊन माफी! या क्रमानें ना शेत वांचलें, ना रहिवाशास वेळेवर रस्ता व गटार मिळालें.

सरकारास हें दिसत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. हैदराबादचें राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र कोठें पीक, कोठें पडीक, कोठें वस्ती व कोठें पाणी याचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून २००४-०५ पासून करीत आलें आहे. नागपुरास राज्याचें स्वतःचें तसेंच केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपलें पीक सातबाऱ्यावर चढवूं लागला. परंतु आकाशांतून काढलेला नकाशा आणि तलाठ्याचें दप्तर हीं दोन सख्ख्या भावांसारखीं शेजारी राहून एकमेकांशीं बोलत नाहींत. नकाशावर घरांची दाटी उमटली म्हणून सातबारा बदलत नाहीं, आणि सातबाऱ्यावर दरसाल पीक लागलें म्हणून तें शेत बिनशेती होण्याचें टळतेंच असें नाहीं. मग असा नकाशा म्हणजे शेताच्या मृत्यूची टिपणवही नव्हे तर काय?

इंग्लंडांत १९३० नंतर प्राध्यापक डडली स्टँप यांनीं शाळकरी मुलांच्या हातून शेतन् शेत नकाशावर रंगवून घेतलें, आणि महायुद्धांत अन्न पिकविण्याची वेळ आली तेव्हां तेच नकाशे उपयोगी पडले. आमच्या शाळांतून मात्र भूगोल अजून पाठच केला जातो! असो. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. केरळानें २००८ सालीं भातशेती व पाणथळ जमिनीच्या संरक्षणाचा कायदा करून अशा जमिनींची यादी उपग्रहाच्या साह्यानें तयार करविली. तींतील जमीन सहजासहजीं भरून टाकतां येत नाहीं. पुढें २०१८ सालीं त्यांत सवलती शिरल्या हें खरें. पण २०२० पासून भातशेत राखणाऱ्या मालकास हेक्टरीं दोन हजार रुपये दरसाल देण्याचाही उपक्रम तेथें सुरू झाला. रक्कम अल्प आहे. तत्त्व मात्र मोलाचें आहे.

कारण नुसती मनाई हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. शेजाऱ्याची जमीन निवासी पट्ट्यांत पडून तो धनवान व्हावा, आणि याची हिरव्या पट्ट्यांत अडकून यानें शहराच्या हवेपाण्यासाठीं फुकट पहारा करावा, हा कोठला न्याय? म्हणून आमची मागणी अशी कीं, मावळांतील भातखाचरें व चाकणभोंवतालचीं कांद्याचीं शेतें यांचा गटवार नकाशा सातबाऱ्याशीं ताडून दरसाल चावडीवर लावावा. त्यास हरकत घेण्याचा हक्क शेतकऱ्यास असावा. आणि जो दहा वर्षें शेत राखण्याचा करार खुषीनें करील, त्यास बिनशेतीच्या वसुलींतून हेक्टरीं ठराविक मोबदला मिळावा.

पिंपरीच्या मंडईंतील भाजी आणि पवनेचा पूर या दोन्हींचा संबंध वरच्या अंगाच्या या शेतांशीं आहे. तेव्हां ही मागणी एकट्या शेतकऱ्यांची न समजतां येथील व्यापारीमंडळांनींही खरिपापूर्वीं आपल्या सह्यांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावे.