शिरपूरची वेलांटी

वाशीम जिल्ह्यातील ‘शिरपूर जैन’ हे गावाचे नाव हाताने लिहून पाहावे. उच्चारात ‘श’ आधी येतो आणि इकार नंतर. कागदावर मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते. कानाला ऐकू येणारा क्रम जपावा की डोळ्यांना दिसणारा, एवढाच प्रश्न. मराठी संगणनाची कित्येक वर्षे या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युनिकोडपूर्व काळातील बहुतेक मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार चिकटवले. वेलांटी आधी, ‘श’ नंतर. छपाई सुबक होई. पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा कचरा उरे. शब्द शोधता येईना, अकारविल्हे लागेना. यंत्रे तोकडी होती आणि छापायची घाई होती, ही सबब आम्हांस मान्य आहे. परंतु 1991 च्या ‘इस्की’ मानकाने अक्षरे उच्चारक्रमाने साठवण्याची वाट दाखवली होती, आणि युनिकोडनेही तीच धरली. त्यानंतरही जुनी क्लृप्ती चालू ठेवणे हा निव्वळ आळस होता.

साधेपणा म्हणजे कमी श्रम नव्हे. वेलांटी डावीकडे नेण्याचे, जोडाक्षर घडवण्याचे काम युनिकोडमध्येही कोणाला तरी करावेच लागते. ते अक्षरे रेखाटणाऱ्या आज्ञावलीकडे एकदाच सोपवले जाते. मजकूर निर्मळ राहतो. क्लिष्टता कोठे ठेवावी हे कळणे, यालाच आम्ही प्रोग्रामिंगमधील विवेक म्हणतो.

साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांनी तिची किल्ली शोधेपर्यंत ते पंथाबाहेरच्यांस बंदच राहिले. महानुभावांना निदान गुप्तता हवी होती. आमच्यापैकी काहींचे प्रबंध आज उघडत नाहीत, आणि ते दडवावेत असे कोणाच्याच मनात नव्हते.

म्हणून मराठी विभागांनी कपाटातील जुन्या सीडींवरचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि छापील प्रतीशी ताडून पाहावा. रूपांतराचे साधन प्रोग्रामर देईल. परंतु निसटलेली वेलांटी ओळखणारा डोळा आपलाच लागेल.