माप नको, खूण सांगा

आमच्या कुणकेश्वरात कुणाही काकूला बांगड्याच्या तिखल्याची कृती विचारा. "चार सोलां घाल नि चाखून बघ," एवढंच उत्तर मिळणार. मुंबईकर नातलगांना (रागावू नका मंडळी!) वाटतं, बायका हातचं राखून सांगतात. मला नाही पटत. सोलं म्हणजे आमसुलं. कधी जास्त आंबट, कधी खारट. त्यांचं माप सांगणार तरी कसं?

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याची मापं दिली, नवशिक्यांना मोठाच आधार झाला. पण तिरफळांचं काय? काळी बी काढून टाकायची, नुसती टरफलं जराशी ठेचून कालवणात सोडायची. वाटपात वाटलीत की कडू. तीही बांगडा-तारल्यांसारख्या तेलकट मासळीला. पापलेटाला घालणार असाल तर मला जेवायला बोलावू नका! 'एक चमचा' लिहून यातलं काय कळणार?

हे सांगणाऱ्या आमच्याकडच्या बऱ्याच जणी आता सत्तरीपुढच्या आहेत. तेव्हा आत्यांनो, माम्यांनो, पोरींना मसाल्याची बरणी पाठवाल तेव्हा फोनवर खुणाही सांगा. पोरग्यांनाही सांगा, हल्ली तेही रांधतात.