विणीच्या कापडाला शिवणवर्गात जागा हवी

१९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटानंतर ठिपक्यांचे गाठ मारलेले टॉप देशभर शिवून घेतले गेले. आज ती फॅशन परतली आहे, पण विणीच्या कापडाच्या तयार टी-शर्टांच्या ढिगातून. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे घरोघरी शिलाई मशीन असणे नवलाचे नाही, ही फॅशन घरीच शिवली जायला हवी.

अडचण कापडाची नाही, सरावाची आहे. बहुतेक शिवणवर्गांत ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फ्रॉक शिकवले जातात. सारे ताण न खाणाऱ्या कापडाचे. विणीचे, म्हणजे होजिअरीचे, कापड धाग्यांच्या फासांतून विणलेले असते, म्हणून ते ताणले जाते. साध्या सुईने फास तुटून भोके पडतात, सरळ टाका ओढताच तुटतो. गोल टोकाची सुई आणि अरुंद झिगझॅग टाका एवढ्यावर बरेच काम भागते. ओव्हरलॉक मशीन असेल तर उत्तम.

मग जुळवाजुळव. अमेरिकेत सँड्रा गॅरेट यांनी विणीच्या मोजक्या कपड्यांची अदलाबदल करून वापरायची पद्धत लोकप्रिय केली. तीन टॉप, तीन स्कर्ट किंवा पँट, एकमेकांना शोभणारे रंग: नऊ जोड तयार. कापड मात्र सुतीच घ्यावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पॉलिस्टर अंगाला सोसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा उतरतो, तेव्हा त्याच टॉपवर जाड विणीचे जॅकेट चढवता येते.

आयटीआय आणि बचत गटांच्या शिवणवर्गांनी विणीचे कापड अभ्यासात आणावे. सुरुवात एका साध्या स्कर्टने करता येईल: कमरेला इलॅस्टिक, दोन शिवणी.