उकिरडा कोणाच्या दारात?



वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी कचऱ्याचा प्रश्न निघाला की पुढारी मंडळी दोन गोष्टी बोलतात. गाव स्वच्छ झाले पाहिजे, ही पहिली. त्याकरिता एखादा माणूस पाहिला पाहिजे, ही दुसरी. पहिलीशी आमचे भांडण नाही. परंतु तो माणूस शोधताना त्यांची नजर कोणत्या वस्तीकडे वळते, हे ज्याने खेड्यात एक पावसाळा काढला आहे त्यास सांगावयास नको. आमचे भांडण त्या नजरेशी आहे.

आता म्हणे कचऱ्यात पैसा आहे! प्लास्टिक विकले जाते, भंगार विकले जाते, उरलेल्याचे खत होते; तुमच्या मुलांना गावातल्या गावात रोजगार मिळेल. हा युक्तिवाद आम्ही पूर्वी ऐकलेला आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेने स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत असा ठराव केला. आमच्या लोकांनी ढोरे ओढणे सोडले, तेव्हा कातडे, शिंगे आणि हाडे यांचा हिशेब मांडून आमचे केवढे उत्पन्न बुडत आहे याची चिंता वाहणारे शहाणे पुढे आले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा समाचार घेतला. एवढा लाभ असेल तर ही ढोरे तुम्हीच ओढा व तो लाभ पदरात पाडून घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्या पाचशे रुपयांकरिता कोणी पुढे आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आज घंटागाडीच्या मागे उभे राहण्याकरिता तरी गावच्या पाटील-देशमुखांचे किती चिरंजीव पुढे येतात?

कचरा मुळात घाण नसतो, तो घाण केला जातो, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. भाजीचे देठ, उष्टे अन्न आणि चुलीची राख ही मातीत जाणारी चीज आहे. पिशवी, बाटली, काच ही धुऊन विकता येणारी चीज आहे. दोन्ही एकाच टोपल्यात पडली की ओले कुजते, कोरडे बरबटते, खत नासते आणि भंगारवाला तोंड फिरवितो. मग कोणी तरी त्यात हात घालून निवडणे भाग पडते. त्यात दाढीचे पाते असते, औषधाची सुई असते, लहान मुलाचे डायपर असते. घरधन्याने दोन टोपल्या ठेवण्याचा कंटाळा केला, त्याची किंमत दुसऱ्याच्या बोटांनी द्यावयाची! शहरांकरिता २०१६ साली झालेल्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य कचरा करणाऱ्यावरच टाकले होते. ज्याचा कचरा त्याने निवडला, तर निवडणारी जात लागत नाही.

आणि खेड्यात हे शहरापेक्षा सोपे आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घालून दिलेली नाडेप पद्धत वऱ्हाडातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे भोके ठेवलेल्या विटांचे टाके. त्यात काडीकचरा, शेणाचे पाणी आणि माती यांचे थर. तीनचार महिन्यांत खत तयार. शेण लागते अवघे शंभर किलो. तूर-कपाशीचा पाला आणि सोयाबीनचे कुटार धुऱ्यावर पेटवून देणाऱ्या गावाने खतासाठी कारखान्याच्या पोत्याकडे पाहावे, हा आमच्या शेतीचा निराळाच रोग आहे. त्यावर पुन्हा केव्हा तरी.

आता थोडे स्वतःकडे पाहू. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीतील चौक कसा दिसतो? पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, फाटलेल्या पताका. त्या कोण उचलतो? विनयपिटकाप्रमाणे विहार झाडणे हे भिक्षूचे स्वतःचे कर्तव्य आहे. त्याकरिता निराळा झाडूवाला सांगितलेला नाही. त्याच पिटकाच्या चुल्लवग्गात कौशांबीचा राजा उदयन आनंदास विचारतो की, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद सांगतो की, ज्यांची चीवरे विरली त्यांना ती देऊ. विरलेल्यांची पांघरणे करू, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरील अंथरणे, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. तीही झिजली की चिखलात मळून जमीन सारवू. ज्या घरात ही कथा सांगितली जाते त्या घराचा उकिरडा लहानच असला पाहिजे.

जे आज या कामावर पोट भरतात त्यांची आम्ही हेटाळणी करीत नाही. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. ओळखपत्र, विम्याचा हक्क आणि पुढे दारोदार वेगळा केलेला कचरा उचलण्याचा करार त्यांनी संघटनेच्या बळावर मिळविला. 'तुमचे काम पवित्र आहे' एवढ्यावर त्या घरी परतल्या नाहीत. थेरगाथेतील सुनीत वाळलेली फुले झाडीत असे. भगवंतांनी त्याच्या झाडूची आरती केली नाही, त्याला भिक्षुसंघात घेतले.

तेव्हा ग्रामसभेस जा, आणि स्त्रियांनी अवश्य जावे. गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. १९५८ च्या अधिनियमाच्या ४५ व्या कलमात ते येते. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याकरिता पाच हजारांपर्यंतच्या गावास माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावास ४५ रुपयांपर्यंत साहाय्य ठरले होते. रक्कम मोठी नाही, म्हणूनच तिचा हिशेब मागितला पाहिजे. कचरा टाकण्याची जागा कोठे आहे, ती कोणत्या वस्तीच्या वाऱ्याच्या तोंडी येते आणि कोणत्या विहिरीच्या वर आहे, हे नकाशावर दाखवावयास सांगा. वेगळा न केलेला कचरा गाडीने उचलू नये, मग तो सरपंचाच्या दारचा असो की आपल्या दारचा, असा ठराव मांडा. आणि कामास माणूस हवाच असेल, तर कोणाच्या घरी निरोप धाडू नका. सूचनाफलकावर जाहिरात लावा, किमान वेतन लिहा, हातमोजे आणि बूट लिहा, सर्व जातींसाठी जागा खुली असे ठळक अक्षरांत लिहा. मग कोणाकोणाचे अर्ज येतात ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.