ताप आला की सकाळची वाट पाहू नका

तुमच्या घरात कुणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल किंवा व्हायचं असेल, तर हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा.

टाटा हॉस्पिटलने १९८३ साली देशात या उपचाराची वाट पाडली. आज हे ट्रान्सप्लांट आपल्याच रायगड जिल्ह्यात, टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात होतं. पण ट्रान्सप्लांट झालं म्हणजे सगळं पार पडलं, असं समजू नका. नव्या पेशी रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. प्रतिकारशक्ती नीट यायला मात्र कित्येक महिने जातात. दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असतील, तर ती शक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्याही चालू असतात.

मग एक दिवस डॉक्टर घरी सोडतात. माणूस मुरूडला, श्रीवर्धनला आपल्या घरी येतो. इथून जबाबदारी तुमची.

रात्री अकरा वाजता पेशंटला हुडहुडी भरते. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत राहतात. कुणीतरी म्हणतं, "तापाची गोळी देऊ, सकाळी बघू." ही सकाळच घात करते. जंतू रक्तात शिरले की रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, दम लागतो. रात्री सलाईनमधून औषध मिळालं असतं तर जे आटोक्यात आलं असतं, त्याला सकाळी आयसीयू लागतं.

म्हणून एवढं करा.

घरात चांगला थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला, की लगेच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. रात्र असली तरी करा.

त्यांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. ताप झाकला जातो, आजार आत वाढत राहतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर कधी कधी ताप चढतही नाही. थंडी वाजणं, धाप लागणं, पेशंट गुंगीत असणं, एवढंही फोन करायला पुरेसं समजा.

प्लेटलेट कमी असताना कमरेवर सुई टोचून घेऊ नका. आत रक्त साकळतं.

घरी येण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "रात्री ताप आला तर औषधाचा पहिला डोस आमच्या जवळ कुठे घ्यायचा?" तशी चिठ्ठी लिहून घ्या. श्रीवर्धनहून खारघर चार तासांचा रस्ता. वडखळला गाडी अडकली तर आणखी उशीर. मांडव्याहून रात्री बोट नसते. गाडी कुणाची आणि चालवणार कोण, हे आधी ठरवा. १०८ हा नंबर सगळ्यांना पाठ हवा.

बघायला येणाऱ्यांना प्रेमाने थांबवा. गणपतीत, शिमग्यात घर भरतं, तेव्हा पेशंटची खोली वेगळी ठेवा. सर्दी-खोकला असलेल्याने उंबऱ्यापलीकडेच थांबावं. पावसाळ्यात ओल आलेल्या, बुरशी धरलेल्या भिंतीजवळ पेशंटला झोपवू नका. गोठा आणि कोंबड्यांपासूनही लांब ठेवा. मासळी ताजी असावी आणि नीट शिजवलेली असावी.

आता आयसीयूबद्दल. "आयसीयूत नेलं म्हणजे संपलं" असं गावात म्हणतात. ते मनातून काढा. पूर्वी ट्रान्सप्लांटनंतर व्हेंटिलेटर लागलेले फार थोडे परत यायचे. आता दिवस बदललेत. लवकर पोचलेले, रक्तदाब सावरण्यापुरतेच आयसीयूत गेलेले कितीतरी जण वॉर्डात परततात. उशीर झाला, फुप्फुसाबरोबर किडनी आणि लिव्हरही थकलं, की वाट फार अवघड होते. म्हणून डॉक्टर लवकर आयसीयूत न्यायचं म्हणाले तर घाबरून अडवू नका.

तिथे डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आता नेमकं काय बिघडलंय? उपचाराचा गुण येतोय की नाही, हे किती दिवसांत कळेल? नाही आला तर पुढे काय? विचारायला लाजू नका. उत्तर ऐकायला घरातले दोघं जा. एकाच्या कानातून काहीतरी निसटतंच.

आणखी एक बोलणं बरं असतानाच होऊ द्या. पेशंटलाच विचारा, "वेळ आली तर तुला काय हवं?" हे अशुभ नाही. त्याचं मन माहीत असलं, की आयसीयूच्या दाराशी भावाभावांत वाद होत नाहीत, आणि पुढे आयुष्यभर मनाला टोचणीही लागत नाही.

आज दिवेलागणीच्या आत एक पिशवी भरा. फाइल, चालू गोळ्यांची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, थोडे पैसे, चार्जर. ती दारामागच्या खुंटीला अडकवा. डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, घरातल्या शाळकरी पोरालाही वाचता येईल एवढ्या.

रात्री अकराला हुडहुडी भरली, तर पिशवी घ्या आणि निघा.