पहिली मोटार

२००९ साली टाटांची ‘नॅनो’ सुमारे एक लाखाला निघाली. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुदच तिला बाधले. नांदेड-लातूरकडील नवा शिक्षक वा कारकूनही मोटार पुष्कळदा मिरवण्यासाठीच घेतो. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या गाडीचा मोह वाढणे स्वाभाविकच. पण हप्त्यापलीकडे विमा, पेट्रोल, दुरुस्ती आणि घसारा उभे असतात. पहिली मोटार जुनीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ती जुलै २०१९नंतर बनलेली असावी. चालकासाठी एअरबॅग तेव्हापासून सक्तीची झाली, आणि नवशिक्याला तिची गरज अधिक. नोंदणीवर बँकेचा बोजा नाही, हे परिवहन कार्यालयात पाहून मगच इसार द्यावा.