बाळंतिणीची बहीण

स्मिता पाटील हिचे नाव निघाले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. अभिनेत्री म्हणून तिला तोड नव्हती, हे पहिले आणि ‘तेवढेच आयुष्य घेऊन आली होती’, हे दुसरे. पहिल्याविषयी वाद नाही. दुसरे वाक्य मात्र एखाद्या डॉक्टरच्या तोंडून ऐकले की मी अस्वस्थ होते.

ऑक्टोबर १९५५ मध्ये जन्मलेली स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली. वय अवघे एकतीस. २८ नोव्हेंबरला तिला मुलगा झाला आणि त्यानंतर पंधराव्या दिवशी बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने तिचा अंत झाला. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ साली पद्मश्री, असे सारे पदरात असताना. ‘मिर्च मसाला’ तर तिच्या पश्चात प्रदर्शित झाला. एवढ्या वलयात ‘सूतिकावस्थेतील मृत्यू’ हे रुक्ष शब्द कोणाला आठवणार? पण आम्हा प्रसूतितज्ज्ञांच्या नोंदवहीत तिची जागा तीच आहे.

मैथिली राव यांनी २०१५ साली इंग्रजीत लिहिलेल्या तिच्या चरित्राला तिच्या दोघी बहिणींच्या आठवणींचा आधार आहे. थोरल्या डॉ. अनिता पाटील देशमुख या नवजात शिशुतज्ज्ञ, धाकट्या मान्या पाटील सेठ वेशभूषाकार. बहिणीची आठवण ही चाहत्याच्या आठवणीहून वेगळीच असते. चाहत्याला पडद्यावरचे डोळे आठवतात. बहिणीला आठवते ती पुण्यातली, राष्ट्र सेवा दलात वाढलेली मुलगी. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायला ही जीन्स घालून जायची आणि वेळ झाली की वरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. पण बहिणीच्या नजरेने पाहिला की त्यातला दंगेखोरपणा आधी दिसतो, कीर्ती मागाहून. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. म्हणजे घरात परिचारिका आणि नवजात शिशुतज्ज्ञ दोन्ही. आजार येताना घरातल्यांची विद्या विचारून येत नाही, हे आपण डॉक्टरमंडळी आपापल्या घरी शिकलेलो आहोतच.

(जाता जाता: ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ या तिच्या मराठी चित्रपटांचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हेही बालरोगतज्ज्ञ. आपल्या व्यवसायाने तिला असे दिलेले पुष्कळ आहे.)

बहिणीच्या नजरेचे मोल मला समजले ते मात्र चित्रपटामुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या खेड्यातली एक मुलगी माझ्याकडे सुखरूप बाळंत होऊन घरी गेली. आठव्या दिवशी फोन आला, अंगात कणकण आहे. दूध भरले असेल, असे म्हणून मी तापाची गोळी सांगून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या वखारीत काम करणारी तिची थोरली बहीण तिला रिक्षात घालून घेऊन आली. आई म्हणाली, ताप तसा थोडाच आहे. सासूही तेच म्हणाली. बहीण म्हणाली, “मॅडम, ही अशी न्हाई. परवापासनं बाळ रडलं तरी वळून बघंना झालीया.”

नाडी एकशे चाळीस होती. रक्तदाब उतरू लागला होता. सलाईन आणि प्रतिजैविके सुरू करून तिला तातडीने बेळगावला हलवले. ती वाचली. रुग्णाची उदासीनता, भान हरपू लागणे हे जंतुदोष रक्तात पसरल्याचे लक्षण आहे, हे मी पुस्तकात कितीदा वाचले होते. पण फोनवर ते विचारायचे माझ्या ध्यानात आले नव्हते. पहिली चूक माझीच होती, ती या पानावर लिहून ठेवते.

आपल्याकडे गर्भवतीचे नऊ महिने मोजले जातात, रक्त, लघवी, सोनोग्राफी सारे होते. बाळ हाती आले की सर्वांच्या नजरा पाळण्याकडे वळतात. बाळंतीण शेक-शेगडीच्या बंद खोलीत जाते आणि तिथे अंग तापलेले लागले तर तो शेकाचा की तापाचा, हे आजीलाही सांगता येत नाही. आशा कार्यकर्तीच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा दिवसांनी ठरलेल्या आहेत. पण त्या भेटीतही वजन होते ते बाळाचे. आईची नाडी आणि ताप पाहून कितीदा लिहिला जातो?

यात आपण बेळगावकरांनी मागे राहण्याचे कारणच नाही. याच जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने, परिचारिकेने दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतो, हे २००६ साली जगाला दाखवले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सात देशांतील २९ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातही बेळगाव होते: कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिली, तर मातेचा जंतुदोष वा मृत्यू २.४ टक्क्यांऐवजी १.६ टक्के. एवढे ज्ञान आपल्या दारात तयार होते आणि आठव्या दिवशीचा फोन आपण दोन मिनिटांत ठेवतो.

त्यात आमची सीमा. कागल-गडहिंग्लजला दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला निपाणी-चिकोडीच्या माहेरी येते. तपासण्या महाराष्ट्रात, प्रसूती कर्नाटकात आणि सव्वा महिन्याच्या आत परत सासरी. इकडचे तायी कार्ड, तिकडचे माता-बाल संरक्षण कार्ड. एकातले दुसऱ्यात उतरत नाही. २०१८-२० च्या नोंदीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ आणि कर्नाटकात ६९. हे राज्यांचे सरासरी आकडे आहेत, त्यावरून आपली प्रांतीय भांडणे उकरू नयेत. पण सीमाप्रश्न न्यायालयात सुटेल तेव्हा सुटेल. या बाळंतिणीच्या कागदावर दोन्हीकडच्या डॉक्टरांचे फोन क्रमांक लिहायला कोणत्या निकालाची वाट पाहायची?

माझ्यापुरती मी एक सवय लावून घेतली आहे. घरी सोडताना आई आणि सासू यांच्याबरोबर बाळंतिणीच्या बहिणीला, ती नसेल तर मैत्रिणीला, आत बोलावते. बाळाचे बोलणे संपल्यावर तिला बसवून घेते आणि सांगते, की ही नेहमीसारखी वाटली नाही तर कारण शोधत बसू नकोस, रात्र असली तरी मला फोन कर. तिचाही क्रमांक कागदावर लिहून घेते. गेल्या महिन्यात असा एक फोन आला. काही निघाले नाही, नुसता थकवा होता. ती मुलगी माफी मागू लागली, तेव्हा मी तिला चहा पाजला.